पाचव्या महिन्यापासून

आधी मी लिहिलं होतं : पाणी आणि आरोग्य.
खंडारे मॅडमनी चष्मा कपाळावर सरकवला.
"हा प्रश्न नाही, बाई,
ही पंचायतीच्या भिंतीवरची पाटी झाली."

अमरावतीच्या कॉलेजात तेच दोन शब्द
कॉम्प्युटरला दिले, तर त्यानं
चार लाख लेख पुढ्यात ओतले.
चार लाख!
आमच्या उपकेंद्रात लोहाच्या गोळ्यासुद्धा
एवढ्या कधी उतरल्या नाहीत.
पहिलाच उघडला : कुठलीशी थंड नदी,
तिच्यातलं शिसं, तिच्यातले मासे.
वाचता वाचता दर्यापूरची शेवटची गाडी गेली.

बाबा बोअरच्या गाडीवर होते.
केवढंही वावर असो,
त्यांचं काम साडेसहा इंचात.
बाकीच्या रानाकडे ते बघतही नसत.
दीडशे फुटांवर चिखल ओला आला की
बोटावर घेऊन चाखायचे,
थुंकायचे,
आणि मालकाकडे न बघता
पाइप मोजायला लागायचे.

मग मी 'आरोग्य' खोडलं. 'मूत्रपिंड' लिहिलं.
तेही खोडलं.
'ग्रामीण महिला' लिहिलं तर मॅडमनी विचारलं,
कोणत्या? शाळकरी? म्हाताऱ्या?
आणि कशाशी ताडून बघणार?
लाल शाईची वर्तुळं वाढत गेली,
वही आजारी दिसायला लागली.

मंगळवारी तपासणीला वैजयंता तायडे आली.
बावीस वर्षं, पहिलटकरीण,
दंडावरचा पट्टा सैल पडत होता इतकी बारीक,
आणि पारा चढलेला एकशे चाळीसवर.
पुन्हा मोजलं. तेवढाच.
सोबत सासू, द्रौपदाबाई, दाराच्या चौकटीला टेकून :
"शिस्टर, इच्या माहेरी मोर्शीकडं गोडं पानी.
इथं आमची बोअर खारी.
पाचव्या महिन्यापासून इले
नुसतं शहानूरच्या नळाचंच देल्लं,
त उतरन काय वो थे?"

मी पट्टा सोडायचा विसरले.

कोणाला, तेही तिनं सांगितलं होतं.
काय द्यायचं, कशाऐवजी,
कधीपासून, आणि काय उतरायला हवं.
तीन महिने मी ज्याच्यासाठी शाई घालवत होते
ते ती एका श्वासात बोलली होती,
आणि आता पदरानं सुनेचा घाम पुसत होती.
वैजयंताला चिठ्ठी दिली, दर्यापूरला, आजच जा म्हटलं.
मग रजिस्टरच्या समासात
तिचं वाक्य तिच्याच बोलीत उतरवलं.

मॅडमनी ते दोनदा वाचलं.
काहीच खोडलं नाही. पेनाचं टोपण लावलं.

शब्द शोधायला मात्र आणखी चार दिवस गेले.
खारं, मचूळ, जड, कडसर :
गावाच्या जिभेला एवढ्या पायऱ्या,
कॉम्प्युटरला त्यातली एकही चढता येईना.
त्याला सोडियम हवं होतं.
कुठे क्षारता, कुठे लवण,
प्रत्येक नाव वेगळ्या दारावर वाजवलं
तेव्हा अकरा लेख बाहेर आले.
बोटांवर मोजले. एक बोट कमी पडलं.

सात होते समुद्रकाठचे.
तिथे लाट आत येते, तळी नासतात,
आणि बाया तेच पितात, पोटात लेकरू घेऊन.
रात्री दोनपर्यंत वाचलं.
त्यांच्या रक्तदाबाचे आकडे
मला ओळखीच्या आवाजात ऐकू आले.
पण पूर्णेचं नाव
एकाही पानावर नव्हतं.
समुद्र नसलेल्या गावातलं मीठ
कुणी मोजलेलं नव्हतं.

द्रौपदाबाईनं विचारलं, "भेटलं काय पुस्तकात?"
म्हटलं, अकरा भेटले, आपल्याकडचं नाही त्यात.
"मंग?"
मंगचं उत्तर माझ्याकडे नव्हतं.
वैजयंताला सातवा सुरू होता, गोळी चालू होती,
आणि अभ्यास उभा राहीपर्यंत
तिचं लेकरू रांगायला लागलं असतं.

कोपऱ्यात एक माठ वेगळा ठेवलेला,
वर ताटली, ताटलीवर दगड.
"इचा हाय थो. नळाचा. चार दिवसाचा हाय, पन गोड हाय."
तिनं मला पेलाभर दिलं.
मी आधी बोट बुडवलं,
चाखलं.